घरून की विद्यापीठात? तब्येतीच्या बाजूने पाहिलं तर

आठवड्यातले काही दिवस घरून काम करायची मुभा मिळाली की पहिला हिशेब होतो तो प्रवासाच्या वाचणाऱ्या वेळेचा. तो चुकीचा नाही. पण निर्णय तब्येतीसाठी घेत असाल, तर आधी हे पाहा: घरी तुमचा कामाचा दिवस संपतो कधी? मी दोन्ही पद्धतींनी शिकवलं आहे आणि माझ्या बाबतीत सगळं इथेच येऊन अडलं.

आधी शरीराचं. विद्यापीठात चालणं नकळत होतं. जिने, ग्रंथालय, या इमारतीतून त्या इमारतीत, शिवाय तासभर उभं राहून शिकवणं. घरी पलंगापासून टेबलापर्यंत चार पावलं. पहिल्या सत्रात मी जेवणाच्या टेबलावर वाकून प्रबंध तपासले आणि मान अशी धरली की मागे वळून पाहता येईना. शेवटी लॅपटॉपखाली जाडजूड शब्दकोश रचले, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली, कीबोर्ड वेगळा जोडला. महिन्याभरात मान सुटली. डोळ्यांचं दुखणं मात्र दोन्हीकडे आहे, कारण स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांवर पाहावं, असं सांगतात. घरच्या खोलीत 20 फूट कुठले? खिडकीबाहेर पाहा.

शिकवण्याचा थकवा वेगवेगळा असतो. वर्गात घसा बसतो, पाय दुखतात. ऑनलाइन तासानंतर डोकं जड होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये त्याची चार कारणं मांडली: सतत जवळून होणारी नजरानजर, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं, एका जागी जखडून बसणं आणि हावभाव ओळखायला मेंदूला पडणारे जादा कष्ट. विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद असले, तर समजलं की नाही हेही कळत नाही. म्हणून तास विद्यापीठात घ्या. लेखन, वाचन, तपासणी घरी ठेवा. एकाग्रतेच्या कामाला घरासारखी जागा नाही, अर्थात घरात तशी शांतता असेल तर.

आता वेळेचं. विद्यापीठातून निघताना दार लावलं की दिवस निम्मा तरी संपतो. घरी रात्री अकराला विद्यार्थ्याचा मेसेज येतो, ‘प्रकरण पाठवलंय, बघाल का?’, आणि फाइल उघडलीच जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021 च्या अंदाजानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. घरून काम करताना हे जादा तास कोणी मोजत नाही, आपणही नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियात 2024 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कातून बाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला, तो याच चिंतेतून.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं गणित निराळं, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं. प्राध्यापक आपला दिवस थोडाफार तरी स्वतः आखतो. परीक्षा विभागातल्या माणसाचा दिवस निकालाच्या तारखा आखतात. कामाचा रेटा मोठा आणि त्यावर ताबा कमी, हीच जोडी सर्वाधिक ताण देते, असं कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्येच मांडलं होतं. अशा माणसाला घरून लॉगइन करायला सांगितलं आणि हजेरी मिनिटामिनिटाला तपासली, तर ताण घरात आला एवढंच. त्याला येण्याजाण्याच्या वेळेतली सूट जास्त कामाची.

माझं मत विचाराल तर तीन दिवस विद्यापीठ, दोन दिवस घर. चीनमधल्या एका मोठ्या प्रवास कंपनीत 1612 कर्मचाऱ्यांवर अशाच वाटणीचा प्रयोग झाला. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि कामाचा दर्जा घसरला नाही. ते विद्यापीठ नव्हतं, हे खरं. तरी मला ही वाटणी पटते. नुकतेच रुजू झाला असाल किंवा एकटे राहत असाल, तर घरचा एकच दिवस घ्या. स्टाफ रूममध्ये दोन मिनिटांत मोकळी होणारी कुरबुर घरी आठवडाभर मनात साचते.

घरून काम करण्याच्या अर्जात घरचे वार नावानिशी लिहा आणि त्याखाली मेसेजना उत्तर देण्याची शेवटची वेळही लिहा. मी सायंकाळी सहा लिहिली आहे. विद्यार्थ्यांनाही पहिल्याच तासाला तीच सांगते.