उसाच्या राखेचे पेव्हर ब्लॉक: माल चांगला, पण पिकू द्या

पाचगावात एका बंगल्याच्या अंगणाला आणि गाडी लावायच्या जागेला हे ब्लॉक बसवले. गिऱ्हाईक स्वतः ऊसवाला, त्यामुळे सिमेंटमध्ये बगॅसची, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची, राख घालतात याचंच त्याला भारी कौतुक. मला नव्हतं, म्हणून आधी माल बनतो तिथं जाऊन आलो.

आपल्याकडं राखेला तोटा नाही, साखर कारखान्यांचे बॉयलर बगॅसवरच पेटतात. पण बॉयलरची राख तशीच मिक्सरमध्ये ओतली तर काम बिघडलंच समजा. तिच्यात अर्धवट जळलेले काळे तंतू असतात, ते पाणी पितात. इथं राख चाळून, बॉल मिलमध्ये दळून घेतात. चिमटीत धरून चोळली तर सिमेंटसारखीच मऊ, कचकच नाही. शंभर किलो सिमेंटमागं दहा किलो काढून तेवढी राख. सिमेंटही ओपीसी 53, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट वापरतात, ते बरं. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये आधीच फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख असते.

तक्रार आहे ती घाईची. राखेतली सिलिका सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याला धरते, पण सावकाश. 7 दिवसांत हा ब्लॉक साध्या ब्लॉकच्या मागंच असतो, 28 दिवस पाणी आणि सावली मिळाली की बरोबरीला येतो. आमची मालाची पहिली गाडी मात्र ओलसर, कच्चीच आली. नखानं कोपरा झडत होता. ब्लॉकवाल्याला फोन केला तर, ‘बसवा की ओ, जागेवर पाणी मारत राहा!’ गाडी परत पाठवली. नंतरचा माल पिकलेला होता, ब्लॉकवर ब्लॉक आपटला की खणकन वाजायचा.

60 मिमी जाडी, ताकदीचा ग्रेड एम 35. पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक आयएस 15658, त्याप्रमाणे हलक्या वाहनांना हे पुरतं. टेस्ट रिपोर्ट देतात, पण मागून घ्यावा लागतो. त्यात ताकदीबरोबर पाणी शोषणाचा आकडाही बघा, सरासरी 6 टक्क्यांच्या आत हवा. आपल्या पावसात तोच जास्त कामाचा.

भावात फार फरक नाही. राख स्वस्त असली तरी तिची वाहतूक आणि दळण फुकट होत नाही.

अंगण, गोठ्यापुढची जागा, पायवाट यांना मी पुन्हा घेईन. कॉलम-स्लॅबला साइटवर कुणी राख मिसळायला सांगितली तर मात्र सरळ नाही म्हणेन. आणि लाल ब्लॉक हवे असतील तर साधेच घ्या. राखेमुळं अंग काळपट येतं, लाल रंग खुलत नाही.