पॉल सायमनचे दोन निवांत अल्बम: आधी कोणता ऐकावा?

भावजींना मी 'सेव्हन साम्स' लावून दिला, तेव्हा विसाव्या मिनिटाला त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "अरे, गाणं कधी सुरू होणार?" शेजारी ताई मेथी निवडत बसली होती. तिचे हात केव्हाचे थांबले होते. घर एक, स्पीकर एक, अल्बम एक. पॉल सायमन या अमेरिकन गायक-गीतकाराच्या उतारवयातल्या संगीताबद्दल कुणी विचारलं की मला हे दोघं आठवतात, कारण या अल्बमचे ऐकणारे साधारण असेच दोन बाजूंना जातात. एकाला झोप येते, दुसऱ्याची उडते.

सायमन अँड गारफंकल या त्याच्या जुन्या जोडीची गाणी ऐकलेली असतात, 'ग्रेसलँड' हा त्याचा गाजलेला अल्बम माहीत असतो, आणि मग 'म्हाताऱ्याचं शांत काही सुचव' अशी फर्माईश येते. शांत म्हटल्यावर दोन अल्बम समोर येतात: २०१८ चा 'इन द ब्लू लाइट' आणि २०२३ चा 'सेव्हन साम्स'. दोन्ही हळुवार आहेत हे खरं, पण तेवढ्यावरून त्यांना एका माळेत ओवणं म्हणजे आमटी आणि कढी दोन्ही पातळच, असं म्हणण्यासारखं आहे.

'इन द ब्लू लाइट'मध्ये एकही नवं गाणं नाही. सायमनने स्वतःच्याच जुन्या अल्बमांमधली दहा गाणी उचलून नव्याने बांधली आहेत. सगळ्यात जुनं १९७३ चं, सगळ्यात अलीकडचं २०११ चं, आणि दहापैकी चार एकट्या 'यू आर द वन' या २००० सालच्या अल्बममधली. गाजलेलं एकही घेतलेलं नाही. आपल्याला जवळची, पण तेव्हा लोकांच्या नजरेतून निसटलेली गाणी त्याने मुद्दाम निवडली. लग्नाला जाताना कपाटातली पैठणी सोडून तळाची, कधीच न नेसलेली साडी काढावी, तसं. ७ सप्टेंबर २०१८ ला हा अल्बम आला आणि दोनच आठवड्यांनी, २२ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या ज्या क्वीन्स भागात तो लहानाचा मोठा झाला तिथल्या मैदानावर त्याच्या निरोपाच्या दौऱ्याची शेवटची मैफल झाली.

इथे साथीला माणसं कोण, ते पाहा. ट्रम्पेटवाला विंटन मार्सालिस, गिटारवाला बिल फ्रिझेल, ड्रम्सवर जॅक डीजोनेट आणि स्टीव्ह गॅड, शिवाय 'वायम्युझिक' हा तंतुवाद्यांचा आणि फुंकवाद्यांचा छोटा चमू. 'पिग्स, शीप अँड वुल्व्ह्ज' मार्सालिसमुळे थेट न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावरच्या वरातीसारखं झालंय. 'कान्ट रन बट' मूळचं १९९० च्या 'द रिदम ऑफ द सेंट्स'मधलं. त्या अल्बमचा पायाच ब्राझीलच्या ढोलांचा होता. इथे संगीतकार ब्राइस डेसनरने ते वायम्युझिकसाठी पुन्हा लिहिलं. ढोल गेले, त्यांच्या जागी तंतुवाद्यांची आणि बासऱ्यांची बारीक टोचणी आली.

आणि कुरकुर नेमकी इथूनच सुरू होते. मूळ गाणी ज्यांच्या कानात मुरली आहेत, त्यांना हा अल्बम टोचतो. "चांगलं चाललं होतं, हात कशाला लावला?" हा त्यांचा सूर. तो मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. एका इमारतीतल्या शेजाऱ्यांवरच्या 'वन मॅन्स सीलिंग'च्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जी रग होती, ती इथे उतरली आहे; गाणं नेटकं झालं, पण जिन्यातला अंधार कमी झाला. उलट ज्यांनी मूळ गाणी ऐकलीच नाहीत, त्यांना तोच अल्बम सहज भिडतो. म्हणजे इथे जुना चाहता असणं हीच अडचण.

'सेव्हन साम्स'ची गोष्ट निराळी. साम म्हणजे बायबलमधली स्तोत्रं; मराठी बायबलात हा ग्रंथ 'स्तोत्रसंहिता' म्हणून आहे. १५ जानेवारी २०१९ ला सायमनला स्वप्न पडलं की तो या नावाची एक रचना करतोय. त्यानंतर आठवड्यातून दोनतीनदा तो पहाटे साडेतीन ते पाचच्या सुमारास जागा व्हायचा आणि शब्द यायचे, ते उतरवून घ्यायचा. आपण याला ब्राह्ममुहूर्त म्हणून मोकळे झालो असतो. काम चालू असतानाच त्याच्या डाव्या कानाचं ऐकू येणं जवळजवळ गेलं. १९ मे २०२३ ला अल्बम आला तेव्हा तो ८१ वर्षांचा होता.

तेहतीस मिनिटं, सात भाग, आणि मध्ये कुठेही तोड नाही. ॲपवर हे सगळं एकच ट्रॅक म्हणून दिसतं. 'पुढचं' दाबलंत की गाणं नव्हे, आख्खा अल्बम पुढे जातो. बराचसा भाग नुसती अकूस्टिक गिटार आणि आवाज. अधूनमधून घंटांसारखे नाद, 'व्होसेस ८' या ब्रिटिश गायकवृंदाचे सूर, आणि शेवटाकडे त्याची बायको एडी ब्रिकेल हिचा आवाज. ठेका धरायचा म्हटलं तर हाताला काही लागत नाही. पहिल्या भागातली 'द लॉर्ड'ची ओळ मात्र ध्रुवपदासारखी फिरून फिरून येते. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला हे जड जाऊ नये; मुखड्यावर परत यायचं आणि दर वेळी तो वेगळा लागायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तीन मिनिटांत कडवं, कोरस, कडवं अशी अपेक्षा ठेवून बसलं की मात्र भावजींसारखी गत होते.

दुसरा वाद देवाचा. सायमन ज्यू घरातला, पण रूढ अर्थाने धार्मिक नाही. आणि इथे तर तेहतीस मिनिटं देवाचंच नाव. नास्तिकांना वाटतं, म्हातारपणी हाही तिकडेच गेला. भाविकांना वाटतं, ही कसली स्तुती? कारण त्याचा देव गरिबातल्या गरिबाच्या ताटातलं अन्न आहे, तसाच तो कोविडचा विषाणूही आहे. पश्चिमेकडच्या बऱ्याच ऐकणाऱ्यांना हे धड पचलेलं नाही. ताईला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. "देवाशी भांडायचं नाही तर कुणाशी?" एवढंच म्हणाली. जिने लहानपणापासून तुकोबांचे अभंग ऐकलेत, विठ्ठलाला धारेवर धरताना ऐकलंय, तिला या अल्बमात शिरायला वेगळं दार शोधावं लागत नाही. मला वाटतं मराठी श्रोत्याला इथे जन्मतःच थोडी आघाडी मिळते.

आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवतो. दोन्हीकडे तो थकलेला आहे. 'ब्लू लाइट'मध्ये भोवती इतकी तयार माणसं आहेत की ते झाकलं जातं. 'साम्स'मध्ये झाकायला काही नाही. कुठे कुठे तर तो गाण्यापेक्षा बोलतोच जास्त. काहींना हा दोष वाटतो. मला वाटतं, 'वेट' या शेवटच्या भागात मरणाला 'थांब, माझी तयारी नाही' म्हणणारा माणूस कमावलेल्या, ठणठणीत आवाजात गायला असता तर ते खोटं वाटलं असतं.

मग निवड? नुकतेच सायमनकडे वळला असाल तर 'ब्लू लाइट' घ्या, आणि तोही 'डार्लिंग लॉरेन'पासून. एका नवराबायकोची पूर्ण गोष्ट आहे: भेट, भांडणं, काडीमोडाच्या गोष्टी, आणि मग आजारपण. लहानशा कादंबरीचा ऐवज त्याने एका गाण्यात बसवलाय. गाणी सुटी आहेत, बसमध्ये, स्वयंपाक करताना ऐकली तरी चालतात. मूळ अल्बम पाठ असतील, तर हा वगळून सरळ 'साम्स'कडे जा. तिथे जुन्याशी तुलना करायला काही नाहीच.

'साम्स' बसमध्ये ऐकू नका. हेडफोन, अंधार आणि तेहतीस मिनिटं मोकळी, एवढं जमत नसेल तर पुढे ढकला. पहिल्या खेपेला शब्दांमागे धावू नका, गिटारच ऐका. शब्द दुसऱ्या खेपेला. आणि पंधरा मिनिटांत कंटाळा आला तर खुशाल बंद करा, तुमच्या कानात खोट आहे असं मुळीच नाही. निरोप घेऊनही तो २०२५ मध्ये पुन्हा दौऱ्यावर निघाला, तेव्हा स्वतः सायमननेही पूर्वार्धात सबंध 'साम्स' गाऊन उत्तरार्ध जुन्या गाण्यांना ठेवला होता. लोकांचं भान त्यालाही आहे.

ठेका हाच ज्यांचा जीव आहे, त्यांनी या दोन्हींच्या वाटेला न जाता २०१६ चा 'स्ट्रेंजर टू स्ट्रेंजर' ऐकावा. त्यातल्या 'द वेअरवुल्फ'मध्ये आपल्याकडचं गोपीचंद हे एका तारेचं वाद्य वाजतं. भावजी ते ऐकून हसत सुटले होते.

परवा त्यांना 'डार्लिंग लॉरेन' लावून दिलं. चष्मा नाकावरच राहिला. गाणं संपल्यावर जरा वेळाने म्हणाले, "ती शेवटी गेली का रे?"

ताई आतून ओरडली, "सांगू नकोस. पुन्हा ऐकू देत त्यांना."