बोहारीण, संस्था की इन्स्टा? जुने कपडे कुठे द्यायचे

नवे कपडे मी फारसे घेतच नाही, पुण्यात बुधवार-रविवारी जुना बाजार भरतो तिथून नाहीतर ऑनलाईन थ्रिफ्टवाल्यांकडून घेते. गंमत अशी की स्वस्तात मिळतं म्हणून आणखीच जास्त घेतलं जातं, दीडशेचा शर्ट घेताना कोण विचार करतं! मग दर दिवाळीच्या आधी कपाट उघडलं की अंगावर ढीग. तर हा ढीग काढायचे तिन्ही मार्ग मी करून बघितलेत.

आधी बोहारीण. दारात येते, कुठे जायला नको, आणि बदल्यात स्टीलचं भांडं. पण घासाघीस करायची तयारी हवी. जीन्स आणि पुरुषांचे शर्ट-पँट बघितले की तिचे डोळे चमकतात कारण ते पुढे पटकन विकले जातात, जरीची साडी असेल तर ती जरीला बोट लावून बघणार, आणि आपले लाडके टॉप मात्र बाजूला सारणार. मागच्या वेळी तीन जीन्स आणि दोन शर्टांवर एक डबा, झाकण मागितलं तर म्हणे झाकणासाठी अजून एक पँट द्या ताई! लोकांना हे कमीपणाचं वाटतं, "दान" वाटत नाही. मला उलट हेच सगळ्यात सरळ वाटतं, कारण ती कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून बाजारात विकते आणि तिचं घर त्यावर चालतं. आणि जुन्या बाजारात आपण घेतो त्यातला बराचसा माल येतो कुठून? हिच्यासारखींकडूनच की.

आता संस्था. गूंज हे नाव बऱ्याच जणांना माहीत असेल, १९९९ ला अंशू गुप्तांनी सुरू केली, २०१५ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची मला आवडलेली गोष्ट म्हणजे कपडे भीक म्हणून वाटत नाहीत, गावातले लोक विहीर, रस्ता, बंधारा असं काहीतरी मिळून करतात आणि त्याचा मोबदला म्हणून सामान घेतात. जुन्या सुती साड्या-चादरींपासून कापडी पॅडही करतात, म्हणजे रंग उडालेलं कॉटन इथे खरंच उपयोगी. पण मेहनत तुमची, धुवायचं, वेगळं करायचं, पिशव्या भरून सेंटरवर नेऊन द्यायचं. आणि प्लीज, पूर आला की घरातलं सगळं गबाळ ट्रकमध्ये कोंबायचं हा प्रकार नको, चिखलात उभ्या असलेल्या बाईला पार्टी गाऊन देऊन ती काय करणार?

इन्स्टावर विकणं... मी केलं दोन महिने. फोटो, छातीचं-लांबीचं माप, "लास्ट प्राईस?", मग गायब. दोनशेचा टॉप आणि कुरिअरलाच सत्तर-ऐंशी. ब्रँडेड जॅकेट, एकदाच घातलेला लेहेंगा असेल तर ठीक, बाकी वेळ फुकट. काही मोठ्या ब्रँडच्या दुकानात जुने कपडे दिले की कूपन मिळतं, पण ते कूपन वापरायला पुन्हा नवा कपडा घ्यायचा, मग सुटलो कसले?

तर माझं असं ठरलंय की जीन्स-शर्ट बोहारणीला, कॉटन संस्थेला, आणि भारीतले एखाद-दोन पीस इन्स्टावर. तुमच्याकडे वेळच नसेल तर सरळ बोहारीण, जास्त विचार करू नका. आईच्या मऊ झालेल्या सुती साड्या मात्र कुणालाच देऊ नका, गोधडी शिवून घ्या, पॉलिएस्टरची होत नाही तशी.

उरतं ते इलास्टिक गेलेलं, फाटकं, डाग पडलेलं. ते कुणालाच नको असतं, दान म्हणूनही नको. कॉटन असेल तर कापून फडकी करते. बाकी सिंथेटिकचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही, एक पिशवी माळ्यावर दोन वर्षं पडून आहे.