एस्केप, अव्हॉइड, इव्हेड: जर्मनमध्ये कोणतं क्रियापद घ्यावं?

‘एस्केप’ला डिक्शनरी पाच-सहा जर्मन क्रियापदं पुढ्यात टाकते. निवडताना आधी एवढंच बघा: माणूस नुसता पळाला की सुटलासुद्धा? पळाला असेल तर ‘फ्लीअन’. पुढे पकडला गेला तरी वाक्य खोटं ठरत नाही. हातावर तुरी दिली असेल तर ‘एंटकोमन’. ‘डेअर डीब इस्ट डेअर पोलित्साय एंटकोमन’, म्हणजे चोर पोलिसांच्या हातून निसटला. ‘डी पोलित्साय’मधल्या ‘डी’ या उपपदाचं ‘डेअर’ झालं, कारण हे क्रियापद थेट डाटिव्ह, म्हणजे चतुर्थी विभक्ती मागतं. ‘फ्लीअन’ला कोणापासून ते सांगायला ‘फोअर’ हे शब्दयोगी अव्यय लागतं.

शिक्षेतून वाचला तर ‘एंटगेअन’. नजरेतून काही सुटलं तरी हेच. नाव आठवेना, तर मात्र ‘एंटफालन’. गळणाऱ्या वायूला ‘एंटवाइशन’.

खरी गोची ‘अव्हॉइड’ची. ‘मायडन’ आणि ‘फरमायडन’ एकाच घरातले, दोघांनाही आक्कुझाटिव्ह, म्हणजे द्वितीया विभक्ती, त्यामुळे सर्रास अदलाबदल होते. अपघात, चूक, भांडण घडूच द्यायचं नसेल तर ‘फरमायडन’. माणसापासून, जागेपासून लांब राहायचं असेल तर ‘मायडन’: ‘एअर मायडेट मिश’, तो मला टाळतो. इथे ‘फरमायडन’ कानाला खटकतं. मद्याच्या बाबतीत दोन्ही चालतात, तिथे उगाच डोकं शिणवू नये.

समोरून आलेली गाडी ऐनवेळी चुकवली किंवा प्रश्नाला बगल दिली, तर ‘आउसवाइशन’, पुन्हा डाटिव्ह. डाटिव्हवाल्या क्रियापदाची अशी कर्मणी होत नाही, त्यामुळे ‘अपघात टाळले जातात’ अशी कर्मणी रचना हवी असेल तर ‘फरमायडन’कडेच वळावं लागतं. एखादी कृती टाळायची असेल तर ‘फरमायडन’बरोबर ‘एस’ (ते) आणि मूळ क्रियापदाआधी ‘त्सू’ घ्या: ‘एअर फरमायडेट एस, डारूबर त्सू श्प्रेशन’, तो त्याबद्दल बोलायचं टाळतो. ‘अव्हॉइड’नंतर थेट क्रिया ठेवायचं इंग्रजी वळण जसंच्या तसं ठेवलं की वाक्य मोडतं.

कायद्याला वळसा घालायला ‘उमगेअन’, पण आघात ‘गे’वर. तो ‘उम’वर पडला की वाक्यात क्रियापदाचे दोन तुकडे होतात आणि ‘मिट’ (सोबत) जोडून अर्थ होतो हाताळणं, वागणं.

करांच्या मजकुरात मात्र चुकीला माफी नाही. कायद्यात राहून कर वाचवला तर ‘श्टॉयअरफरमायडुंग’. बुडवला तर ‘श्टॉयअरहिंटरत्सीउंग’, आणि तो जर्मन करसंहितेच्या कलम 370 खाली गुन्हा आहे. इथे शब्द चुकला, तर अनुवादात सरळमार्गी करदाता आरोपी होऊन बसतो.