हळदीतलं शिसं आणि हँडहेल्ड लिब्ज : घेण्याआधी वाचा

सांगलीत मसाले तपासायची माझी छोटी लॅब आहे. यार्डातले व्यापारी हळकुंडं घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, यात शिसं तर नाही ना?" त्यासाठी आम्ही हँडहेल्ड लिब्ज (LIBS) घेतलं, म्हणजे लेझरने मूलद्रव्यं ओळखणारं, हातात धरायचं यंत्र. लेझरचा शॉट बसला की तिथल्या कणभर हळदीचा प्लाझ्मा होतो आणि त्याच्या उजेडातल्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखता येतात. प्रज्ञान रोव्हरने 2023 मध्ये चंद्राच्या मातीत गंधक शोधलं ते याच तंत्राने.

अख्ख्या हळकुंडासाठी मला हे यंत्र मनापासून आवडलंय. पॉलिश करताना पिवळेपणासाठी लेड क्रोमेट (शिसं आणि क्रोमियम असलेला पिवळा रंग) चोळलेलं असलं, तर पहिल्याच शॉटला 405.78 नॅनोमीटर तरंगलांबीवर शिशाची रेषा उठते, सोबत 425.43 वर क्रोमियमची. त्याच टिपक्यावर शॉट मारत राहा. दोन्ही रेषा जोडीने खाली येतात आणि आतला गर लागला की पोटॅशियम, कॅल्शियम तेवढं उरतं. म्हणजे शिसं वरून लावलेलं आहे, जमिनीतून आलेलं नाही, हे व्यापाऱ्याला तिथल्या तिथे स्क्रीनवर दाखवता येतं. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) साल आणि गर एकत्रच मोजतं, त्यात हा थर असा सुटा दिसत नाही.

पावडरीला मात्र यावर भरवसा ठेवू नका. हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे आणि आमचं हे लिब्ज यंत्र त्याच्या कितीतरी वर असलेलंच शिसं खात्रीने पकडतं. "आढळलं नाही" असं स्क्रीनवर आलं म्हणून कुणाला निर्धास्त करणं मला पटत नाही. घराघरात लहान मुलांच्या दुधात जाते ही हळद. असा नमुना आम्ही आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसलाच (अगदी सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणारं लॅबमधलं यंत्र) पाठवतो. तिथे वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, पण सर्टिफिकेटवरचा आकडा तिथलाच हवा. शिवाय लेझरचा टिपका केसाएवढा. पावडर प्रेसमध्ये दाबून गोळी केली आणि जागा बदलत शॉट घेतले, तरच सरासरीला काही अर्थ येतो.

विक्रेत्याने डेमो स्टीलच्या तुकड्यावर दिला आणि कॅलिब्रेशनही मिश्रधातूंचंच होतं. हळदीला ते चालत नाही. स्वच्छ हळदीत शिसं मोजून मिसळून स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, आम्हालाच बनवावी लागली. शॉटच्या जागी सोडायच्या आर्गॉन वायूचा खर्च वेगळा, आणि लेझरचा चष्मा मदतनिसालासुद्धा घ्या.

घेणार असाल तर डेमोला आपली हळद घेऊन जा. हळदीत पोटॅशियम भरपूर, त्याच्या रेषा 404.4 आणि 404.7 वर, शिशाला अगदी खेटून. त्या स्क्रीनवर शिशापासून स्वच्छ सुट्या दिसत नसतील, तर ते मॉडेल हळदीसाठी घेऊ नका.