पोटात पाईड आहे म्हणाला

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, एक जण बॉल पायथनची मादी देतोय. हेट पाईड आहे म्हणतो, आणि स्वस्तात. घेऊ का?" 'हेट आहे म्हणतो' एवढं कानावर पडलं आणि मला असाच साप घेताना बुडालेले माझे साडेआठशे डॉलर आठवले. त्याला जे फोनवर सांगितलं तेच इथे जरा सावकाशीने लिहितोय. हा नाद लागलेले भाचे बऱ्याच घरांत असणार.

मी शिकागोजवळ राहतो. आजोळ बत्तीस शिराळ्याचं, त्यामुळे सापाची भीती लहानपणीच मोडली. इथे साप रीतसर पाळता येतात हे कळलं तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. टिन्ली पार्कला वर्षातून दोनदा मोठं प्रदर्शन भरतं, तिथून पहिला बॉल पायथन आणला. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा हा लहानसा अजगर. घाबरला की डोकं आत घालून चेंडू होतो. जंगलात तो तपकिरी-काळा असतो. पण १९९२मध्ये अल्बिनो आणि १९९७मध्ये पाईड हा रंग पिढीजात उतरतो हे पैदास करून सिद्ध झालं, आणि तिथून पुढे लोक साप सोडून जनुकंच पाळायला लागले. पाईडच्या अंगावर मध्येच कोरे पांढरेशुभ्र पट्टे असतात, भिंत रंगवता रंगवता रंगारी जेवायला निघून गेल्यासारखे.

हा रंग दिसायला जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत असेल तर साप दिसायला साधाच, पण जनुक पुढे देऊ शकतो. त्याला म्हणायचं हेट. सगळी मेख इथे आहे. हेट डोळ्यांना दिसत नाही, विकणारा सांगतो आणि आपण पैसे मोजतो. माझे आजोबा म्हैस घ्यायला गेले की दोन वेळची धार समोर काढायला लावत, मगच व्यवहाराचं बोलत. त्यांचा नातू साप विकणाऱ्याच्या तळघरात शिरला आणि माणसाच्या शब्दावर साडेआठशे डॉलर ठेवून आला.

तो मार्च २०२१ होता. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या लोकांनी सापांचे भाव चढवून ठेवले होते. माझ्याकडे पाईड नर होता. हेट मादी मिळाली तर अंदाजे निम्मी पिल्लं पाईड, असा हिशोब. दोन तासांवर राहणाऱ्या एका ब्रीडरचं, म्हणजे सापांची पैदास करून विकणाऱ्याचं, नाव सगळे आदराने घ्यायचे. 'अठरा वर्षं हेच करतोय' हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं.

तळघरात छतापर्यंत रॅक, प्रत्येकात ड्रॉवरसारखे टब, शे-दीडशे तरी असतील. प्रत्येक टबावर कार्ड, कार्डावर पाच-पाच जनुकांची माळ आणि किंमत. कुठला साप कुणाच्या पोटचा, आजा कोण, हे तो कुलवृत्तांत वाचून दाखवावा तसं घडाघडा सांगत होता. मी भारावलो. मग एक टब ओढला तर पाण्याचं भांडं कोरडं, तळाशी पांढरी रेघ वाळलेली. शेजारच्या टबात 'स्पायडर' नावाच्या जनुकाचा एक साप होता. त्या जनुकाच्या सापांचा तोल जातो हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बिचाऱ्याचं डोकं आपोआप उलटं वळत होतं, जणू छतावर काही शोधतोय. "ते तसंच असतं," म्हणून त्याने टब आत ढकलला.

माझी मादी पेस्टल आणि एन्ची या दोन रंग-जनुकांची, बाराशे ग्रॅमची, देखणी. मी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? त्याने कार्ड उलटून पाहिलं. मागे काहीच नव्हतं. "गेल्या आठवड्यात असेल," म्हणाला. तिच्या शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची दोन कडी अडकली होती. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण त्याने तिला उलटं धरलं आणि पोटाच्या कडेने जाणाऱ्या दोन काळ्या रेघा दाखवल्या. "ही हेट पाईडची खूण. पोटात पाईड आहे. तुझ्यासारख्या जाणकाराला मी काय सांगायचं?"

त्या 'जाणकारा'ने माझा घात केला. या खुणा भरवशाच्या नाहीत, हेट नसलेल्या सापातही त्या दिसतात, हे मी वाचलेलं होतं. पण जाणकार म्हटल्यावर प्रश्न कसा विचारायचा? आईबापाचा फोटो, त्या वेळच्या अंड्यांची नोंद, काही मागितलं नाही. पावती म्हणून त्याने तेच कार्ड काढून दिलं.

नवा साप तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो. मी बाराव्या दिवशी मित्रांना दाखवायला तिला सापांच्या खोलीत नेलं. चार दिवसांनी नराच्या पाण्यात काळे ठिपके तरंगताना दिसले. माइट्स, म्हणजे सापाच्या उवाच म्हणा. खवल्यांच्या खाली, डोळ्यांच्या खोबणीत बसून रक्त पितात. ते निपटायला पावसाळा, म्हणजे इथला उन्हाळा, सगळा गेला.

पुढच्या वर्षी, २०२२च्या एप्रिलमध्ये, सहा अंडी. इनक्युबेटर ८९ फॅरनहाइटवर. पंचावन्नाव्या दिवशी पहिल्या अंड्याला चीर पडली आणि ओलं, चिमुकलं नाक बाहेर आलं. बाकीच्या अंड्यांची कवचं मी कात्रीने अलगद उघडली. एकेक तपकिरी-पिवळी पाठ दिसत गेली. पांढरा पट्टा कुठेच नाही. ब्रीडरला फोन केला तर हसला, "नशीब रे. पुढच्या वर्षी बघ."

पुढच्या वर्षी पाच पिल्लं. पाचही साधी.

मादी खरंच हेट असती तर प्रत्येक पिल्लू साधं निघण्याची शक्यता निम्मी. सलग अकरा साधी निघण्याची शक्यता २०४८त एक. इतकं फुटकं नशीब असतं तर मला व्हिसा मिळालाच नसता. शेवटी तिची कात पाकिटात घालून तपासणीला पाठवली. २०२३मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी पाईडमागचं टीएफईसी हे जनुक प्रसिद्ध केलं, आणि आता कातीवरून अशा चाचण्या होतात. उत्तर आलं: पाईडची एकही प्रत नाही.

तो अहवाल पाहून ब्रीडर भडकला. पैशांवरून नाही. "माझ्या लाइनवर शंका घेतोस?" लाइन म्हणजे त्याच्या सापांची वंशावळ. तिची शेपटी, माइट्स, यांवर अवाक्षर नाही. बरंच ताणल्यावर भरपाई देऊ केली, ती काय? आणखी एक हेट मादी!

आणखी एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला दोन वर्षं लागली. ओळखीतल्या दोघांना त्याच तळघरातून असेच हेट मिळाले होते. दोघंही गप्प होते, कारण इतकी वर्षं साप पाळून आपण गंडलो हे कबूल कोण करणार? मीही अंड्यांच्या पहिल्या खेपेनंतर लोकांना 'अंडी नासली' असंच सांगितलं होतं. त्याला त्याच्या लाइनचा ताठा आणि आम्हाला आमच्या जाणकारीचा, त्यामुळे त्याचं दुकान आरामात चाललं.

भाच्याला म्हटलं, पैसे देण्याआधी मादीची कात माग आणि चाचणी तू कर, त्याने दिलेला कागद धरू नकोस. खाण्याच्या तारखा माग, आणि शक्यतो तुझ्यासमोर खाऊ दे. जनुकं तोंडपाठ आणि जेवणाची तारीख आठवत नाही, अशा माणसाकडून काहीही घेऊ नकोस. आणि तुझ्याकडे तर आधी कायदा. वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे साइट्स, त्याच्या परिशिष्ट दोनमध्ये बॉल पायथन आहे. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, २०२४च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. 'नंतर करून देतो' म्हणाला तर उठून ये.

मादी माझ्याकडेच आहे. साधी असली तरी खायला खमकी आहे. त्याच्या कार्डाच्या कोऱ्या बाजूवर मी तिच्या जेवणाच्या तारखा लिहितो, आता जागा संपत आली.

भाच्याने त्या माणसाकडे कात मागितली. तेव्हापासून दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर काही येत नाही.