सीलबंद खोक्यातून आलेले चोवीस शब्द

हार्डवेअर वॉलेटच्या, म्हणजे बिटकॉइनची चावी सांभाळणाऱ्या छोट्या उपकरणाच्या, खोक्यात त्या चावीचे चोवीस शब्द आधीच छापून आले असतील, तर ते वॉलेट तुमचे नाही, चोराचे आहे. एवढे एक वाक्य मला कोणी वेळेवर सांगितले असते, तर माझे 0.1837 बिटकॉइन आज माझ्याजवळ असते.

हे बिटकॉइन मी 2022 आणि 2023 मध्ये पगारातून थोडे थोडे करून घेतले होते. त्यात माझे 3,84,500 रुपये गेले आणि मुलीच्या उच्च शिक्षणापर्यंत त्याला हात लावायचा नाही असे ठरले होते. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या बाजारातून, सुमारे 23 कोटी डॉलरची कॉइन्स चोरीला गेली. माझे खाते दुसरीकडे होते, तरीही एक्स्चेंजवर काही ठेवू नका असा सल्ला जो तो देऊ लागला, आणि सल्ला योग्यच होता. हार्डवेअर वॉलेट परदेशी कंपनीकडून थेट मागवायचे तर कस्टम ड्युटी आणि विलंब, म्हणून एका मोठ्या शॉपिंग साइटवरून 11,499 रुपयांना तेच उपकरण घेतले. पक्के बिल मिळाले, विक्रेत्याचे रेटिंग उत्तम होते. यात निष्काळजीपणा कुठे आहे, हे मला अजूनही कोणी दाखवून द्यावे.

खोक्यावर पारदर्शक वेष्टन आणि चकाकणारे स्टिकर होते. आत उपकरण, केबल आणि एक जाड कार्ड होते. कार्डावरचा राखाडी लेप नाण्याने खरवडला की क्रमांकासह चोवीस इंग्रजी शब्द दिसत. सोबतच्या पत्रकात लिहिले होते की सुरक्षिततेसाठी वॉलेट आधीच तयार करून दिले आहे, तेव्हा ‘रिस्टोअर’ निवडा आणि हे शब्द भरा. उपकरणाच्या इवल्याशा पडद्यावर दोन पर्याय होते, नवे वॉलेट तयार करा किंवा जुने परत मिळवा. माझे जुने वॉलेट नव्हतेच, मग मी परत काय मिळवत होतो? हा प्रश्न त्या रात्री मनाला चाटून गेला होता, आणि तो आठवला की आजही संताप होतो. पण एटीएमचा पिन बंद पाकिटात पाठवणाऱ्या बँकांची सवय असलेल्या माणसाला, सीलबंद खोक्यातला गुप्त शब्दही कंपनीनेच पाठवला असेल असे वाटणे स्वाभाविक होते.

मुळात कॉइन त्या उपकरणात नसतेच. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सार्वजनिक नोंदवहीत, असते आणि ते हलवण्याची चावी त्या चोवीस शब्दांतून निघते. 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून हे शब्द उपकरणाने स्वतः, तुमच्यासमोर, स्वतःच्या पडद्यावर निवडून दाखवायचे असतात. विक्रेत्याने स्वतःच तयार केलेले शब्द मला विकले होते, म्हणजे तीच चावी त्याच्याकडेही होती. मी आधी 0.002 बिटकॉइन पाठवून पाहिले, ते पोहोचले आणि तिथेच राहिले, म्हणून उरलेले पाठवले. चोर थांबून होता, त्यामुळे चाचणीच्या त्या छोट्या रकमेला भुलू नका.

जानेवारी 2025 मध्ये एकाच व्यवहारात सगळे गेले. त्या दिवशीच्या भावाने ती रक्कम सुमारे 15 लाख 70 हजार रुपये होती. उपकरण त्या वेळी बँकेच्या लॉकरमध्ये होते.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “काका, पैसे कुठल्या खात्यात गेले ते सांगा ना.” खाते नाही, ब्लॉकचेनवरचा पत्ता आहे, असे म्हणून मी ट्रॅन्झॅक्शन आयडीची प्रिंट पुढे केली, तर ती वाचण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. बँकेतून पैसे गेल्याचा यूटीआर क्रमांक आणा, असे सांगून मला सायबर कक्षाकडे पाठवले आणि सायबर कक्षाने विक्रेता दुसऱ्या राज्यातला आहे म्हणून हद्दीचे कारण दिले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी लेखी दिले, तेव्हा कुठे माझ्या अर्जाला पोच मिळाली. एफआयआर नाहीच. चोरलेले कॉइन दोन पत्त्यांवरून फिरून एका एक्स्चेंजकडे गेल्याचे मला घरबसल्या दिसत होते. मार्च 2023 पासून भारतातल्या ग्राहकांना सेवा देणाऱ्या एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा (पीएमएलए) लागू आहे, ग्राहकांची केवायसी त्यांच्याकडे असते. पोलिसांच्या एका पत्राने खाते गोठू शकले असते आणि ते पत्र कोणीही लिहिले नाही. याच कॉइनच्या नफ्यावर सरकार 30 टक्के कर घेते, विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापते, एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाही. कर आकारताना जी मालमत्ता ठरते, ती चोरीला गेल्यावर ठाण्यात कोणालाच ओळखू येत नाही, याची चीड येते.

शॉपिंग साइटने विक्रेता स्वतंत्र आहे आणि परत करण्याची मुदत संपली आहे, एवढे सांगून 11,499 रुपयेही नाकारले. विक्रेत्याचे पान तोवर नाहीसे झाले होते. स्क्रॅच कार्डाचा हाच प्रकार परदेशात 2018 मध्ये उघड झाला होता. पुढे 2021 मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांना, फुटलेल्या ग्राहक यादीतले घरचे पत्ते वापरून, बनावट उपकरणे टपालाने पाठवली गेली. इतक्या वर्षांनंतरही विक्रीच्या पानावर एका ओळीची सूचना नसावी?

वेष्टन आणि स्टिकर कोणीही नव्याने लावू शकतो, त्यांवर विसंबू नका. कंपनीकडून थेट घ्या, ड्युटी भरावी लागली तरी भरा. शब्दांचा फोटो काढू नका, ते कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहा आणि रक्कम टाकण्याआधी उपकरण रीसेट करून, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या त्याच शब्दांनी वॉलेट परत उघडते का ते पाहा. पैसे मिळवून देतो, दहा टक्के आगाऊ द्या, असे संदेश तक्रारीनंतर मला आले. तेही चोरच आहेत. तुमच्या घरी असे छापील कार्ड असेल, तर कॉइन अजून जागेवर दिसते म्हणून थांबू नका. कंपनीकडून दुसरे उपकरण मागवा, ते येईपर्यंत सगळे कॉइन आजच आपल्या एक्स्चेंजच्या खात्यात परत पाठवा, आणि त्या कार्डावरचे शब्द पुन्हा कुठेही वापरू नका.